फ्रेंच शिकताना इंग्रजीला जरा बाजूला बसवा

फ्रेंच शिकायला घेतलं की सगळ्यात आधी हातात पडते ती यादी. रंग, फळं, प्राणी, घरातल्या वस्तू. डावीकडे फ्रेंच शब्द, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ, आणि आपण गुमान घोकत बसतो. अॅपवरही तेच, फक्त तिथे बरोबर उत्तराला एखादं कार्टून टाळ्या वाजवतं. मला हत्ती, जिराफ आणि मगरीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे 'जरा थांबा'ला काय म्हणतात त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं, आता मला सांगा, मगरीबद्दल चार वाक्यं बोलायची पाळी कुणावर कधी येते?

पण माझी खरी तक्रार डावीकडच्या शब्दांबद्दल नाहीच, उजवीकडच्या कॉलमबद्दल आहे. आपण मराठीत विचार करणारी माणसं, शिकतोय फ्रेंच, आणि मध्ये हा इंग्रजी दलाल कशाला? पुस्तकं इंग्रजीत असतात, अॅप इंग्रजीत असतं, क्लासमध्येही समजावून सांगणं इंग्रजीतच चालतं, त्यामुळे फ्रेंचकडे जायचा रस्ता इंग्रजीच्या अंगणातूनच जातो असं आपण धरून चालतो. आणि मग जे इंग्रजी माणसाला अवघड जातं ते आपल्यालाही अवघड जाणार असं आधीच ठरवून टाकतो. बऱ्याचदा ते आपल्याला अजिबात अवघड नसतं.

वारांचंच घ्या. लँदी, मार्दी, मेर्क्रदी, झदी, व्हांद्रदी, सामदी, दिमांश. इंग्रजी पुस्तकात हे सात शब्द एका चौकटीत देऊन टाकतात, पाठ करा म्हणतात, मीही करत होते आणि मंगळवार-बुधवारात दर वेळी गोंधळ व्हायचा. मग एकदा नीट बघितलं. ल्यून म्हणजे चंद्र, म्हणजे सोम, म्हणून लँदी सोमवार. मार्स म्हणजे मंगळ, मार्दी. मर्क्युरी म्हणजे बुध, मेर्क्रदी. ज्युपिटर म्हणजे गुरू, त्याचा झदी. व्हीनस म्हणजे शुक्र, व्हांद्रदी. अहो, हे तर आपलेच वार! तेच ग्रह, त्याच क्रमाने. इंग्रजीत मंगळ ते शुक्र या चार वारांवर उत्तरेकडचे जुने देव येऊन बसलेत, त्यामुळे ग्रह दिसतच नाहीत, आणि इंग्रजीतून बघणाऱ्याला हे सात शब्द नुसते पाठ करावे लागतात. शेवटचे दोन मात्र फ्रेंचांनी बदलले, सामदी आला सब्बाथवरून आणि दिमांश म्हणजे प्रभूचा दिवस, तेवढे दोन लक्षात ठेवायचे. बाकीचे पाच फुकट.

असंच 'नफ' या शब्दाचं. नफ म्हणजे नऊ, आणि नफ म्हणजे नवाकोरा सुद्धा. क्लासमध्ये सगळे म्हणाले काय विचित्र भाषा आहे, एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे? आणि मी मनात म्हटलं, नवरात्र आणि नववर्ष. आपल्या 'नव'चं काय वेगळं आहे? सेत आणि सप्त, दीस आणि दश, दां आणि दंत, ही सगळी लांबची भावंडंच, फार मागे जाऊन एका घरात निघतात. अर्थात यावर फार विसंबायचं नाही, दहा शब्द जुळतात म्हणून अकरावाही जुळेल असं नसतं. पण सुरुवातीला जी भीती असते ना, ती जाते.

आता सगळ्यात मोठा घोळ. इंग्रजीत सगळं 'मी' करतो. मला अमुक आवडतं हे सांगायला इंग्रजीत मीच आवडवून घेतो, मला वेळ हवा असतो तेव्हाही मीच पुढे. मराठीत तसं नाही. मला आवडतं, मला लागतं, मला हवं, मला जमतं, मला सुचतं. आपला मराठी माणूस अर्ध्या वाक्यांत कर्ता नसतोच, तो 'मला' म्हणून बाजूला उभा असतो आणि गोष्टी त्याला येऊन भेटतात. फ्रेंचमध्ये हा सगळा प्रकार जसाच्या तसा आहे आणि मला हे कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नाही. 'सा म प्ले', हे मला आवडतं. 'इल म फो द्यू तां', मला वेळ पाहिजे. 'इल म फो दझ अर', मला दोन तास लागतील. मधला तो 'म' म्हणजेच आपलं 'मला', बरोब्बर त्याच जागी बसलेला.

आणि ते कुप्रसिद्ध 'त्यू म मांक'. तुझी आठवण येते, तुझ्याशिवाय करमत नाही, या अर्थाचं वाक्य. यात कर्ता आहे 'तू', आणि मी परत 'म' म्हणून मागे. इंग्रजी बोलणारे यावर डोकं आपटतात, उलटं आहे, उलटं आहे म्हणतात, त्यावर समजावणारे व्हिडिओच्या व्हिडिओ पडलेत. आपण मात्र इंग्रजीतून शिकतो म्हणून तेच व्हिडिओ बघतो आणि आपल्यालाही ते उलटं वाटायला लागतं! आठवण येते ती मला येते, मी कुठे जाऊन आणत नाही. मराठीतून बघितलं तर त्यात उलटं काहीच नाही.

सगळीकडे जुळतं असं मात्र नाही हं. भूक, तहान, थंडी, भीती, वय अशा गोष्टी फ्रेंच माणसाकडे 'असतात'. 'झे फँ' म्हणजे शब्दशः माझ्याकडे भूक आहे. वय पण तसंच, माझ्याकडे इतकी वर्षं आहेत. इथे मराठीही कामाला येत नाही आणि इंग्रजीही नाही, इथे गप पाठ करायचं. एक धोक्याची सूचना, गरम होतंय हे सांगताना 'माझ्याकडे आहे'च्या जागी चुकून 'मी आहे'वालं क्रियापद लावलं तर त्याचा अर्थ भलतीकडे जातो, समोरचा फ्रेंच माणूस एक तर गालातल्या गालात हसतो नाही तर विषय बदलतो.

अरे-तुरे आणि अहो-जाहो यावर तर मी तासभर बोलू शकते. त्यू म्हणजे तू, व्हू म्हणजे आदराचं तुम्ही किंवा तुम्ही सगळे. इंग्रजीतल्या पुस्तकांत याची कोष्टकं असतात, बाण काढलेले असतात, वय किती, ओळख किती, ऑफिस की घर, मग त्यू की व्हू. आपल्याला कोष्टक कशाला लागतंय! समोरच्याला बघितल्यावर जीभ आपोआप ठरवते, ते आपल्या अंगात मुरलेलं आहे. आणि फ्रेंचमध्ये या दोन प्रकारांना चक्क क्रियापदं आहेत, त्युत्वाये म्हणजे अरे-तुरे करणे आणि व्हूव्ह्वाये म्हणजे अहो-जाहो करणे. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य खर्ची पडतं, मराठीत तयार जोडशब्द पडलेत. ओळख जरा वाढली की दोघांपैकी एक जण, शक्यतो वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला, विचारतो 'ऑं स त्युत्वा?', म्हणजे अरे-तुरेवर यायचं का. हे उघड विचारणं मला फार आवडतं. आपल्याकडे 'अहो नका म्हणू हो मला' असं लाजत लाजत होतं ते तिथे दोन सेकंदात मिटतं.

एवढंच की आपली मोजपट्टी जशीच्या तशी लावायची नाही. फ्रेंच घरात मुलं आईवडिलांना त्यूच म्हणतात, सासूसासऱ्यांना व्हू म्हणणारी घरं आहेत आणि त्यू म्हणणारीही. आणि दुकानदाराला, ड्रायव्हरला, वेटरला, तो विशीतला पोरगा का असेना, व्हूच. आपल्याकडे जिथे पटकन अरे-तुरे सुटतं नेमकं तिथेच ते चालत नाही.

यादीकडे परत येते, कारण यादी वाईट नाही, यादी कुणी आणि कशी केली हे बघायला हवं. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या शिक्षण खात्याने हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला होता, की परक्या माणसाला फ्रेंच शिकवायचं तर आधी कुठले शब्द शिकवावेत. जॉर्ज गुगेनेम नावाच्या भाषातज्ज्ञाच्या हाताखाली मंडळी कामाला लागली. त्यांनी पुस्तकं उघडली नाहीत, टेपरेकॉर्डर घेतला, जो तेव्हा तसा नवाच होता, आणि साध्यासुध्या माणसांच्या गप्पा टेप केल्या. १६३ संभाषणं, २७५ माणसं, तीन लाखांवर शब्द. मग मोजायला बसले की कुठला शब्द किती वेळा आला. आणि तिथे गंमत झाली. वर आले ते सगळे असणे-करणे-जाणे-म्हणणे आणि हे-ते-पण-मग छापाचे शब्द. 'फुरशेत' म्हणजे काटा, जो तिथे माणूस रोज दोन वेळा हातात धरतो, तो जवळपास कुठेच नाही! कारण जेवताना कुणी 'काटा, काटा' म्हणत बसत नाही, पण काटा खाली पडला आणि दुसरा मागायचा झाला की तो शब्द लागतोच, आणि त्या क्षणी दुसरा कुठलाच शब्द चालत नाही. मग त्यांनी शाळेतल्या मुलांना विषय दिले, कपडे, स्वयंपाकघर, शरीराचे अवयव, आणि चटकन सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. दोन्ही मिळून साधारण दीड हजार शब्दांची मूळ यादी तयार झाली आणि पुढे कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकं त्यावर उभी राहिली.

हे वाचल्यापासून मी माझ्या वहीत दोन भाग केले. एका भागात जे शब्द सतत लागतात ते, ते मुद्दाम पाठ करावे लागत नाहीत, कानावर पडून पडून बसतात. दुसऱ्या भागात जे क्वचित लागतात पण लागले की अडून बसतात ते, म्हणजे चावी, टाके, सुट्टे पैसे, गळती, पावती, लस. हे मात्र घोकायचे. मगर कुठल्याच भागात नाही.

आणि तिसरी एक जात आहे जी ना यादीत बसते ना व्याकरणात. लियोंमध्ये काही दिवस होते तेव्हा सकाळी पावाच्या दुकानाच्या रांगेत उभं राहून मी हे ऐकत बसायचे. आत येणारा प्रत्येक माणूस आधी 'बोंझूर', म्हणजे नमस्कार, म्हणतो, मागणी नंतर. एक जण घाईत थेट 'ऊन बागेत', म्हणजे तो लांबुडका पाव एक द्या, असं म्हणून मोकळा झाला, तर काउंटरमागच्या बाईंनी त्याच्याकडे बघून शांतपणे 'बोंझूर, मस्य' म्हटलं आणि थांबल्या. पाव हातात घेतलाच नाही. तो ओशाळून 'बोंझूर' म्हणाला, मग गाडी पुढे सरकली. पाव दिल्यावर बाई प्रत्येकाला विचारायच्या 'ए आव्हेक ससी?', शब्दशः 'आणि याच्यासोबत?', म्हणजे आपलं 'अजून काही?'. त्यावर गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं, 'स सरा तू', बस्स एवढंच. मग पैसे, मग मेर्सी, मग 'बॉन झूर्ने', दिवस छान जावो. संध्याकाळ असेल तर 'बॉन स्वारे', शुक्रवार असेल तर 'बों वीकेंड', आणि समोरचा काही कष्टाच्या कामाला निघाला असेल तर 'बों कुराझ'.

हे सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं बोलणं. व्याकरण शून्य. पण यातला एकही तुकडा माझ्या पहिल्या पुस्तकात धड नव्हता, तिथे लोक एकमेकांना 'तुमच्या काकांची पेन्सिल कुठे आहे' या थाटात प्रश्न विचारत होते. हे तुकडे सुटे करून अर्थ लावत बसायचं नाही, 'ससी' म्हणजे काय आणि 'सरा' कुठला काळ हे नंतर कळेल किंवा नाही कळणार, अख्खा तुकडा तोंडात बसवायचा आणि योग्य जागी सोडून द्यायचा. आणि हो, त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा बोंझूर म्हटलं तर त्याला वाटतं की आपण मघाशी भेटलो हे ही विसरली, मग 'रबोंझूर' किंवा नुसतं 'र' म्हणतात. मला हा 'र' भयंकर आवडतो.

क्रियापदांचं कोष्टक बघून क्लास सोडणारे मी बघितलेत. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, सहा रूपं आणि प्रत्येकाची शेपटी वेगळी. पण त्या शेपट्या बहुतेक सगळ्या कागदावर आहेत! तोंडाने म्हणताना मी, तू, तो, ती, ते सगळे, 'पार्ल'. लिहिताना शेवटची अक्षरं बदलतात, ऐकताना काही नाही. 'आम्ही'चं रूप वेगळं आहे पण रोजच्या बोलण्यात 'आम्ही' म्हणायला लोक 'ऑं' वापरतात आणि त्याच्यापुढे परत 'पार्ल'च. राहिलं एकटं 'व्हू', त्याचं 'पार्ले'. म्हणजे बोलण्यापुरती दोन रूपं, झालं कोष्टक. सगळी क्रियापदं इतकी गुणी नाहीत, पण बरीचशी आहेत. तीच गोष्ट नकाराची, पुस्तकात 'न' आणि 'पा' असे दोन तुकडे क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना लावायला शिकवतात, बोलताना पहिला 'न' सरळ गळतो. 'ज न से पा', मला माहीत नाही, याचं गप्पांमध्ये 'शेपा' होतं. मी कित्येक दिवस समजत होते की शेपा हा कुठलातरी वेगळाच शब्द आहे, कारण तो इतका कानावर पडायचा.

उच्चारांवर लिहायला मला देवनागरी पुरत नाही हे इथपर्यंत वाचताना तुमच्या लक्षात आलं असेलच. ओठ शिटीसारखे गोल करून आत 'ई' म्हणायचं, तो जो आवाज येतो त्याला आपल्याकडे अक्षर नाही, मी 'यू' लिहून भागवतेय. आणि तो जमवावाच लागतो, कारण 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. त्याहून डेंजर प्ल्यू. शेवटचा स म्हणून 'प्ल्यूस' केलं तर 'आणखी', आणि स गिळून 'प्ल्यू' म्हटलं तर पुष्कळदा 'संपलं, आता नाही'. एक स! पक्ष्यांना म्हणतात वाझो, लिहायला सात अक्षरं. असो, लिहिण्याबद्दल मी काहीच बोलणार नाही.

छोट्या शब्दांबद्दल मात्र बोलणार. फ्रेंच माणूस दर दुसऱ्या वाक्याला 'द्यू कू' म्हणतो, आपलं 'मग' किंवा 'म्हणून मग', अर्थ असो नसो. 'आं फेत' म्हणजे 'खरं तर'. वाक्याच्या शेवटी 'क्वा' टाकतात, जसं आपण 'ना' टाकतो. 'आ बों?' म्हणजे 'असं होय!', 'तां पी' म्हणजे 'जाऊ दे', 'बोफ' म्हणजे 'ठीकठाक, काही खास नाही', आणि बोफ म्हणताना खांदा उडवायचा असतो, नुसतं तोंडाने म्हटलं तर अर्धवट वाटतं. आणि 'सी'. हा एवढासा शब्द मला मराठीत हवाय. 'तू येणार नाहीस ना?' असं कुणी विचारलं आणि आपण 'हो' म्हटलं तर येणार की नाही येणार? यावर घराघरात भांडणं झाली असतील. फ्रेंचमध्ये नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर 'वी' नाही, 'सी' म्हणायचं. सी, म्हणजे येणारच आहे. विषय संपला.

म्हणी-वाक्प्रचारांच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत आणि सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये असं माझं मत, कारण आपण भाषांतर पाठ करतो आणि वापरायची जागा चुकते. पण दोन मी ठेवलेत कारण त्यांच्यासाठी इंग्रजीकडे बघावंच लागलं नाही. उगाच सोप्याचं अवघड करणाऱ्याला म्हणतात हा दुपारी दोन वाजता मध्यान्ह शोधतोय, 'शेर्शे मिदी आ कातॉर्झ अर', म्हणजे आपला द्राविडी प्राणायाम. आणि एखादी गोष्ट फार सहज जमली तर 'ले द्वा दां ल ने', नाकात बोटं घालून केली. आपण डाव्या हाताचा मळ म्हणतो. म्हणजे सहजपणा दाखवायला थोडी घाण लागतेच दोन्हीकडे, याचं कारण मला विचारू नका.

राहता राहिले आकडे. एकोणसत्तरपर्यंत सगळं सुरळीत, आणि मग सत्तर म्हणजे साठ-दहा, पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. विसाच्या पटीत मोजायची ही जुनी खोड आहे, पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक हॉस्पिटल आहे, नववा लुई राजा याने १२६० च्या सुमारास तीनशे अंध माणसांसाठी उभं केलेलं, त्याचं नाव आजही 'कँझ-व्हँ' आहे, पंधरा-वीस. पंधरा गुणिले वीस, तीनशे. यावर जगभर विनोद चालतात पण मराठी माणसाने त्यात सामील व्हायचं काही कारण नाही, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद म्हणणाऱ्यांनी कुणाला हसावं! उलट आपल्या कानाला शेवटपर्यंत थांबायची सवय आहे. 'सत्त्या' ऐकल्यावर सत्त्याऐंशी की सत्त्याण्णव हे कळायला आपण थांबतोच की.

खरी परीक्षा फोन नंबरची. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. समोरचा म्हणतो 'स्वासांत', म्हणजे साठ, तुम्ही लगेच सहा लिहिता, तेवढ्यात तो म्हणतो 'कँझ', मग सहा खोडून सात आणि पुढे पाच, आणि तोपर्यंत पुढची जोडी येऊन निघून पण गेलेली. मी यासाठी रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या लावून फक्त आकडे लिहून काढते, बातमी काय आहे याच्याकडे लक्षच देत नाही. 'स्वासांत' ऐकलं की पेन उचलून धरायचं, जोडी पूर्ण झाल्याशिवाय टेकवायचं नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाल्यांनी सत्तरला सरळ 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' ठेवलंय, स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीला 'युइतांत' पण म्हणतात. बोलताना खुशाल ते वापरा, पॅरिसवाल्यालाही कळतं, फार तर तुम्ही कुठे शिकलात म्हणून विचारेल. ऐकताना मात्र सुटका नाही, तो त्याचा नंबर कात्र-व्हँ-दीझ-नफ असाच सांगणार.